संगणकातील सावड



सावड हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. भाताच्या लावणीला आज सगळी माणसे माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. एका बैलावर औत चालत नाही म्हणून दोन घरे पैरा करतात. या व्यवहारात पैसा फिरत नाही, पण म्हणून हिशेब नसतो असे नाही. कोण किती दिवस आला हे साऱ्या गावाला ठाऊक असते. घेऊन न फेडणाऱ्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही.

हीच रीत संगणकाच्या धंद्यातही चालते, असे मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण गेल्या दिवाळीत ती मी आमच्याच ओसरीवर पाहिली. तीच हकीकत आज सांगतो.

लॅपटॉपच्या पोटातला लॅपटॉप

माझी पुतणी जिल्ह्याच्या गावी संगणकाची पदविका करते. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एक चांगली कालवड विकून तिला जुना लॅपटॉप घेऊन दिला. दिवाळीच्या सुट्टीत ती तो उघडून बसली आणि म्हणाली, "काका, याच्या पोटात अजून एक संगणक आहे, बघा."

पाहतो तर पडद्यावर एक चौकट, आणि चौकटीत दुसराच संगणक सुरू होत होता. याला आभासी संगणक म्हणतात, इंग्रजीत व्हर्च्युअल मशीन. खऱ्या संगणकाची थोडी स्मरणशक्ती आणि थोडी साठवणीची जागा बाजूला काढून देतात, आणि त्या जागेत दुसरा संगणक असल्यासारखा वागतो. खऱ्याला यजमान म्हणायचे आणि आतल्याला पाहुणा. आमच्या आईने लगेच विचारले, "आणि पाहुण्यानं घाण केली तर?" पुतणी म्हणाली, "आजी, तेच तर बरं आहे. पाहुण्याला पुसून टाकायचं अन् नवा उभा करायचा. घराला धक्का लागत नाही."

नवे बियाणे आपण साऱ्या रानात पेरत नाही, आधी एका वाफ्यात घालून पाहतो. आभासी संगणक हा असा वाफा आहे. ज्या पोरीकडे एकच लॅपटॉप आहे, आणि तोही कालवड विकून आलेला, तिला चुका करून शिकायला दुसरी जागा कुठली?

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या लोकांनी १९६० नंतरच्या दशकात एका मोठ्या संगणकाचे असे अनेक भाग पाडून दाखवले, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ते बाजारात आणले. तेव्हा हे काम खोलीभर यंत्रावर होई. आज ते घरच्या लॅपटॉपवर होते, आणि त्यासाठीचे चांगले सॉफ्टवेअर फुकट मिळते. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार याने २००३ मध्ये क्यूइमू लोकांपुढे ठेवले. इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्सच्या मूळ आज्ञा जानेवारी २००७ मध्ये खुल्या केल्या. त्याच वर्षी केव्हीएम हा भाग लिनक्समध्ये सामील झाला. ज्याच्या मूळ आज्ञा कुणालाही वाचता येतात, दुरुस्त करता येतात आणि पुढे देता येतात, अशा सॉफ्टवेअरला ओपन सोर्स म्हणतात.

जोडभाग कशाला लागतो?

नवा पाहुणा घरात आला की त्याला काही कळत नाही. पाण्याचा माठ कुठे, मोरी कुठे, हे कुणीतरी दाखवावे लागते. आभासी संगणकाचेही तसेच असते. नुसता उभा केला तर त्याची चौकट नीट मोठी होत नाही, आणि यजमानाच्या फायली त्याला दिसत नाहीत. म्हणून व्हर्च्युअलबॉक्ससोबत पाहुण्याच्या आत बसवायचे जोडभाग मिळतात. ते बसवले की दोघांत एक सामाईक कप्पा तयार होतो, घड्याळे जुळतात, आणि एकीकडून उचललेला मजकूर दुसरीकडे ठेवता येतो. लिनक्समध्ये असेच काम व्हर्टिओ करते. ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल याने लिहिलेला हा भाग २००८ च्या आरंभी लिनक्समध्ये आला. त्यामुळे पाहुण्याला खऱ्या यंत्राचे सोंग न करता यजमानाशी सरळ बोलता येऊ लागले, आणि काम बरेच जलद झाले.

पण मूळ सॉफ्टवेअर करणाऱ्यांना प्रत्येकाची अडचण कशी कळणार? ज्याला अडचण आहे त्यानेच जोडभाग करावा आणि इतरांना द्यावा, अशी तिथली रीत आहे. आमच्या पुतणीची अडचण दुधाची होती.

पहाटेच्या दुधाची तारीख

शिकता शिकता ती दूध संस्थेच्या बिलाचा एक लहानसा कार्यक्रम लिहीत होती. लिटर, फॅट, दर आणि शेवटी मराठीत छापलेले बिल, एवढेच काम. तो कार्यक्रम ती पाहुण्या संगणकात चालवून पाही. बिल निघाले तर सभासदाच्या नावाच्या जागी नुसते रिकामे चौकोन! पाहुण्याकडे देवनागरी अक्षरेच नव्हती.

दुसरी चूक याहून वाईट होती. पहाटे सव्वापाचला घातलेले दूध आदल्या दिवसाच्या तारखेला जमा होई. कारण शोधता शोधता तिची एक रात्र गेली. पाहुण्याचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे साडेपाचच्या आत जे दूध येईल ते पाहुण्याच्या लेखी कालचे! दहा दिवसांच्या बिलात पहिल्या सकाळचे दूध मागच्या बिलात गेले, तर संस्थेत काय भांडण होईल ते तुम्हीच समजा.

दोन्ही चुका तिने दुरुस्त केल्या. पण पाहुणा पुसून नवा उभा केला की पुन्हा तेच. ती व्हेग्रंट नावाचे साधन वापरते. व्हेग्रंट म्हणजे भटक्या. मिचेल हाशिमोटो याने ते २०१० मध्ये प्रथम लोकांना दिले. पाहुणा कसा असावा याची कृती एका फाइलीत लिहून ठेवायची, आणि एक आज्ञा दिली की त्या कृतीप्रमाणे नवा पाहुणा तयार. या साधनाला बाहेरून जोडभाग लावता येतात. त्यांना प्लगइन म्हणतात. ते रुबी या भाषेत लिहितात. रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो याने १९९५ मध्ये लोकांना दिलेली भाषा, आणि तीही खुलीच.

पुतणीने तसा एक प्लगइन लिहिला. पाहुणा उभा राहिला की हा प्लगइन तीन कामे करतो. देवनागरी अक्षरे बसवतो, भाषा मराठी करतो आणि घड्याळ भारताच्या वेळेला लावतो. अक्षरे तिने घेतली ती लोहित नावाची. रेड हॅट कंपनीने ती २००४ साली सर्वांसाठी खुली केली. ती मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवली होती. हे नाव ओळखीचे वाटेल. आपल्या लग्नपत्रिका ज्या श्रीलिपीत छापल्या जात, ती श्रीलिपी त्यांचीच.

"फुकट का द्यायचं?"

जेवताना ती म्हणाली, "मी हा प्लगइन सगळ्यांना खुला करणार आहे."

थोरल्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे फुकट?"

"हो, दादा."

"अगं, रात्री जागून केलंस ना? आधीच आपला कांदा फुकटात जातो. आता पोरीची अक्कलही फुकटात घालवायची? कालवड विकली ती काय यासाठी?"

कुणी काही बोलेना. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. पण तिने उत्तर दिले, ते मला पटले. ती म्हणाली, "दादा, व्हर्च्युअलबॉक्सला मी काय दिलं? रुबीला काय दिलं? त्या अक्षरांना काय दिलं? एक पैसा नाही. साऱ्या जगानं माझ्या रानात लावणी करून दिली. माझी पाळी आली तर मी घरात बसू?"

आणि आमची आई मध्येच म्हणाली, "घेवड्याचं बी मी साऱ्या आळीला दिलं. माझ्या गाडग्यातलं कमी झालं का?"

कांदा दिला की संपतो, बी दिले तरी जातीने उरते. सॉफ्टवेअर त्याहून पुढचे. ते दिल्याने चिमूटभरही कमी होत नाही. घरचे बियाणे राखण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा आपला हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. फक्त संरक्षित जातीचे बियाणे छाप लावून विकता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये असा हक्क आपोआप मिळत नाही. तिथे तो देणाऱ्याने लिहून द्यावा लागतो.

परवाना म्हणजे सात-बारा

त्या लिहून दिलेल्या कागदाला परवाना म्हणतात. परवाना न लिहिता वस्तू नुसती मांडून ठेवली, तर कायद्याने सारे हक्क करणाऱ्याकडेच राहतात आणि घेणारा अडचणीत येतो.

परवान्याच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत. एक जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन याने ती १९८९ मध्ये तयार केली. तिची अट अशी: यातून जे सुधारून तुम्ही दुसऱ्याला द्याल, तेही याच अटींवर खुले ठेवा. ही पक्की सावड झाली. दुसरी तऱ्हा एमआयटी. ती सैल आहे. वापरा, बदला, विका, पण मूळ करणाऱ्याचे नाव आणि परवाना काढू नका. पुतणीने एमआयटी निवडली. थोरल्याने विचारले, "आणि कुणी आपलंच म्हणून मिरवलं तर?" ती म्हणाली, "सात-बाऱ्यावर नाव माझंच राहतं, दादा. वहिवाट तेवढी सगळ्यांना."

परवाना नीट वाचावा, याचे एक उदाहरण व्हेग्रंटचेच आहे. ते अनेक वर्षे एमआयटी परवान्याखाली होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ते चालवणाऱ्या हाशिकॉर्प कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी परवाना बदलला. मूळ आज्ञा आजही वाचता येतात, आपल्यासारख्याला वापरताही येतात, पण कंपनीशी स्पर्धा करणारी सेवा त्यावर उभी करायला मनाई झाली. मात्र आधी दिलेल्या आवृत्त्यांचे हक्क गेले नाहीत. वाटलेले बी घरोघर जाऊन परत गोळा करता येत नाही.

देण्याआधीची झाडलोट

वस्तू मांडण्याआधी पुतणीने चार गोष्टी केल्या. पाहुणा पुसून पुन्हा पुन्हा उभा करून पाहिला. वापरायची कृती सोप्या शब्दांत लिहिली. परवान्याची फाइल ठेवली. आवृत्तीला आकडा दिला. पण एक चूक झालीच. एका फाइलीत तिच्या खात्याचा पासवर्ड राहून गेला. मांडल्यावर तासाभराने लक्षात आले. तिने ओळ पुसली, पण तेवढ्याने भागत नाही. मागचे सारे बदल तिथे जपून ठेवलेले असतात आणि कुणीही चाळू शकतो. पासवर्डच बदलावा लागला. तो तिने आधी बदलला आणि मग रडली.

आपल्या घरात कुणी हे शिकत असेल, तर आणखी तीन गोष्टी सांगून ठेवा. पहिली, अनोळखी माणसाचा प्लगइन डोळे झाकून घेऊ नये. व्हेग्रंटचा प्लगइन पाहुण्यात नव्हे, यजमानात चालतो. तो वाईट निघाला तर घरालाच धक्का लागतो. दुसरी, व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग खुला असला तरी त्याचा एक्स्टेन्शन पॅक हा जादा भाग खुला नाही. तो घरी आणि शिकायला फुकट आहे, पण दूध संस्थेच्या किंवा दुकानाच्या कामाला लावायचा तर परवाना आधी वाचावा. तिसरी, यजमानाच्या स्मरणशक्तीचा अर्ध्याहून जास्त वाटा पाहुण्याला देऊ नये. नाही तर दोघेही उपाशी राहतात.

सावड फिटली

संक्रांतीला पुतणी पुन्हा आली, ती हसतच. कुणा अनोळखी माणसाने तिच्या प्लगइनला दुरुस्ती पाठवली होती. तिने तो उबुंटू नावाच्या लिनक्सवर केला होता. तो माणूस फेडोरा वापरतो. तिथे सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा वेगळी आणि लोहित अक्षरांच्या गठ्ठ्याचे नावही वेगळे, म्हणून प्लगइन तिथे अडत होता. त्याने तेवढ्या ओळी लिहून, तपासून, तिच्याकडे पाठवल्या आणि खाली आभार मानले होते. तिने त्या वाचल्या, दोन्हीकडे चालवून पाहिल्या आणि सामील करून त्याचे नाव लिहिले.

थोरल्याने सगळे ऐकून घेतले. पैसे किती आले, असे त्याने विचारले नाही. लॅपटॉपकडे बघत थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "म्हणजे तो माणूस आपल्या रानात एक दिवस येऊन गेला."

"हो, दादा."

"मग आता त्याच्या रानात तू कधी जाणार?"