कारागिराची अक्कल आणि मालकाचे कान

दुकानांत, पेढ्यांत व कारखान्यांत रोजच्या कामाचा जो खोळंबा होतो, त्याचे कारण बहुधा अगदी क्षुल्लक असते. एखादे हत्यार जागेवर सापडत नाही. एकच हिशेब दोन वह्यांत उतरावा लागतो. भलत्याच दारापाशी उतरविलेल्या गोणी पुन्हा वाहून न्याव्या लागतात. ज्याच्या हातून हे काम होते त्यास ही अडचण ठाऊक असते, पुष्कळदा तिचा उपायही सुचलेला असतो. परंतु तो बोलत नाही. ‘सांगितले तेवढे कर’ हेच उत्तर त्याने आजवर ऐकलेले असते. या मौनाचा भुर्दंड मालक व नोकर या दोघांसही बसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यानच्या विक्रोळीचाच दाखला घ्यावा. सन १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी असे. पुष्कळ मतदारांस अक्षरओळख नसल्यामुळे पेटीवरील चिन्ह पाहून तीत मतपत्रिका टाकावयाची, अशी पद्धत होती. साहजिकच पेट्या लाखांनी लागल्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. पेटीची किंमत सुमारे ५ रुपये. बाहेरून निराळे कुलूप लावावे तर खर्च परवडेना, आणि कुलूपच नसावे तर पेटीवर विश्वास कोणी ठेवावा? हा पेच कारखान्यातील कारागीर नथालाल पांचाळ यांनी सोडविला. कुलूप पेटीच्या आतच बसवावे, असे त्यांनी सुचविले. ही सूचना कोणी ऐकूनच घेतली नसती, तर ती त्यांच्या मनातच विरली असती.

त्याच १९५१ साली जपानात टोयोटा कंपनीने कामगारांकडून सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली. १९६२ पासून तेथे कामगारांची लहान मंडळे आपल्याच कामातील दोष शोधू लागली. १९८० साली हैदराबादेच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने ती प्रथा आपल्या देशात आणली. तिची रीत साधी आहे. यंत्राखाली तेल सांडते, ते रोज पुसणे हा उपाय नव्हे. तेल कोठून गळते, तेथील चकती लवकर का झिजते, हलकी चकती का विकत घेतली, असे विचारीत मुळाशी जावयाचे.

नोकरास असे प्रश्न विचारू दिल्यास शिस्त बिघडेल, अशी शंका काही व्यापारी बंधू घेतील. आम्हांस ती निराधार वाटते. खरा अडसर निराळाच आहे. लेखणी चालविणारा तो शहाणा आणि हाताने राबणारा तो अडाणी, ही आपल्या समाजाची जुनी समजूत अद्याप मेलेली नाही. तथापि दोष एकट्या मालकांचा नव्हे. ‘मला काय त्याचे?’ म्हणून दिसणारी चूक तशीच राहू देणारा नोकरही आपलीच बुद्धी गंजवितो.

यास भांडवल लागत नाही. आठवड्यातून पाव तास सर्वांनी एकत्र बसावे, अडचण व उपाय एका वहीत लिहावा, आणि ज्याने उपाय सुचविला त्याचे नाव त्यापुढे अवश्य घालावे. बचत झाल्यास तीत त्याचा वाटा असावा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या आमच्या व्यापारी वाचकांनी ही वही येत्या सोमवारीच उघडावी. तिचे पहिले पान कदाचित दुकानातील सर्वांत धाकटा पोऱ्याच भरील.