खुर्चीशेजारचा दवाखाना

सकाळी साडेनऊ. शनिवार, म्हणजे सलूनच्या गर्दीचा दिवस. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या या दुकानात फार्मासिस्ट गर्दीच्या आधीच पोचतो आणि कोपऱ्यात बीपीचं मशीन मांडतो. सीडर्स-सायनायच्या डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी आखलेल्या प्रयोगातला दिवस साधारण असा असे. त्यात 52 सलून होती आणि 319 पुरुष, सगळ्यांचं वरचं प्रेशर 140 किंवा त्याहून जास्त.

दहा. पहिलं गिऱ्हाईक आत येतं. ‘‘आधी तिकडे बस, कटिंग मग,’’ सलूनवाला सांगतो. त्याचं ऐकलं जातं, कारण वर्षानुवर्षं हे डोकं त्याच्याच हातात असतं. पाच मिनिटं न बोलता, पाय टेकवून बसायचं. चालू गप्पांमध्ये हेच अवघड.

साडेदहा ते दोन. प्रेशर मोजायचं, औषध ठरवायचं, रक्ताचा थेंब घेऊन तिथेच तपासायचा. गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, आपल्याकडच्या कित्येक घरांत असते तीच. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी आधीच करार झालेला असल्याने फार्मासिस्ट स्वतः औषध लिहू शकतो. मला या प्रयोगाचा प्राण इथे दिसतो. काही सलूनांमध्ये सलूनवाल्याने ‘सवयी बदल, डॉक्टरांना भेट’ एवढंच सांगायचं होतं. तिथे सहा महिन्यांत वरचं प्रेशर सरासरी 9 अंकांनी उतरलं. फार्मासिस्ट होता तिथे 27 अंकांनी. सल्ला देऊन माणसाला पुन्हा त्याच लांबच्या दवाखान्याच्या रांगेत पाठवणं पुरेसं नाही, हे 2018 मध्ये छापून आलेल्या या आकड्यांनी स्वच्छ दाखवलं.

तीन. एक म्हातारा पट्टा बांधू देत नाही. ‘‘आमच्यावर प्रयोग पुष्कळ झालेत.’’ अलाबामातल्या टस्कीगीत 1932 पासून 40 वर्षं सरकारी आरोग्यखातं उपदंश झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांचा आजार नुसता पाहत राहिलं. पेनिसिलीन आल्यावरही दिलं नाही. हे ठाऊक असलेल्या माणसाचा संशय अडाणीपणातून आलेला नाही, आणि त्याला अडाणी म्हणणाऱ्याने त्याच्या दंडाला हात लावू नये. फार्मासिस्ट मशीन बाजूला ठेवतो. गोळी कशाची, नोंद कुणाकडे जाते, नको म्हटलं तर काय, सगळं सांगतो. म्हातारा पुढच्या कटिंगला बघू म्हणतो.

सहा. नोंदी डॉक्टरांना जातात. एकाचं पोटॅशियम कमी आलंय, लघवी वाढवणाऱ्या गोळीने होतं तसं. त्याला फोन आजच करायचा. उद्यावर टाकायचा नाही.