कुक्कुटाच्या उदरांतील अनामिक प्रजा

वाचकहो, लेखाचें शीर्षक पाहून घरोघरच्या आजीबाई नाक मुरडतील, हें मी जाणून आहें. कोंबडीची विष्ठा हा कांहीं देवघराजवळ बोलावयाचा विषय नव्हे. तथापि ज्ञानाला सोवळें-ओवळें नसतें. शिवाय या विषयांत थोडें व्याकरणहि आहे, म्हणून या जुन्या संस्कृत शिक्षकानें लेखणी उचलली.

प्रथम प्रयोजन पाहूं. आईच्या पंखाखालीं वाढणारें पिलूं तिच्या विष्ठेंत चोंच घालून हितकर सूक्ष्म जंतु नकळत घेत असतें. मोठ्या कुक्कुटपालन-केंद्रांत मात्र अंडीं यंत्रांत उबवितात. पिलास मातेचें दर्शनहि घडत नाहीं. मग त्याच्या ओसाड आतड्यांत ‘साल्मोनेला’सारखा रोगजंतु सहज ठाण मांडतो. १९७३ सालीं फिनलंडच्या नुर्मी व रंटाला या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, प्रौढ कोंबडीच्या आतड्यांतील द्रव्य पिलांस दिलें असतां त्यांचें या जंतूपासून रक्षण होतें. रक्षण होतें खरें. पण तें करतो कोण? त्या द्रव्यांत शेंकडों प्रकारचे जंतु. त्यांतील रक्षक कोणते व भक्षक कोणते, हें ओळख पटल्यावांचून कसें समजावें?

परंतु ओळख पटविणेंच कठीण. यांतील पुष्कळ जंतु प्राणवायूंत जगत नाहींत, म्हणून प्रयोगशाळेंत सहजीं वाढत नाहींत. तेव्हां विष्ठेंतील सर्व जंतूंचें डीएनए नामक आनुवंशिक द्रव्य एकत्रच वाचावयाचें, आणि त्या तुकड्यांतून एकेकाची संहिता संगणकाच्या साह्यानें जुळवावयाची, अशी युक्ति निघाली. शेंकडों पोथ्यांचीं फाटकीं पानें एका गोणींत मिसळलीं असतां एकेक पोथी पुन्हां लावावी, तसेंच हें काम. दोन संहितांचें साम्य सुमारें ९५ टक्क्यांहून कमी भरलें, तर त्या जाति भिन्न समजाव्या, असा संकेत आहे.

इंग्लंडांत नॉरिच येथील क्वाड्रम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनीं २०२१ सालीं या विषयावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. स्वतःचे ५० नमुने व पूर्वप्रसिद्ध ५८२ नमुन्यांची माहिती तपासून त्यांनीं ५,५०० हून अधिक संहिता जुळविल्या. त्यांत शेंकडों जाति अगदीं नव्या निघाल्या. चाळिसांहून अधिक नव्या जाति तर प्रत्यक्ष वाढवूनहि दाखविल्या.

एवढ्या लेंकरांचें बारसें करावें कसें? जंतूचें नांव लॅटिन वळणाचें व दोन पदांचें असावें लागतें. संशोधकांनीं कोंबडी, पक्षी, विष्ठा अशा अर्थांचे लॅटिन व ग्रीक शब्द परस्परांशीं जोडून शेंकडों नांवें सिद्ध केलीं. हा तर आपला समासच! लॅटिनांतील पक्षिवाचक ‘आविस’ आणि संस्कृतांतील ‘वि’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, हें कळल्यावर मला त्या परक्या नांवांशीं नातें जडल्यासारखें वाटलें.

नांव म्हणजे गुणांचें ज्ञान नव्हे. या प्रजेपैकीं कोण काय करतो, हें शोधणें पुढेंच आहे. पण त्याची निकड मोठी आहे. पशुपक्ष्यांस प्रतिजैविकें बेसुमार दिल्यानें औषधांस न जुमानणारे जंतु बळावतात. म्हणूनच भारत सरकारनें २०१९ सालीं खाद्यप्राण्यांसाठीं कोलिस्टिनच्या वापरास बंदी केली. औषधें कमी करावयाचीं तर पिलास त्याचे हरवलेले रक्षक परत दिले पाहिजेत. आपल्या ताटांत कोंबडी येवो वा न येवो, असा निर्ढावलेला जंतु घरांत शिरतांना सोवळें विचारीत नाहीं.