निवडुंगाची भुकटी : वाळवल्यावर गुण किती उरतात?

गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर दवाखान्यात आले. बारा वर्षांचा मधुमेह, पण गोळ्या आणि पथ्य नेमाने सांभाळणारे. या खेपेला मात्र उपाशीपोटीची साखर २३८ निघाली. मी विचारले, ‘‘मास्तर, गोळ्या चालू आहेत ना?’’ त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत हिरवट भुकटी होती, मेक्सिकोतल्या निवडुंगाची. ‘‘डॉक्टर, यात ताज्या निवडुंगाच्या कितीतरी पट अँटिऑक्सिडंट आहेत, असं यावर लिहिलंय. म्हणून महिनाभर गोळ्या बंद ठेवून पाहिल्या.’’

वाचकहो, असे डबे आता अनेक घरांत दिसतात, म्हणून आज याविषयी लिहितो.

मेक्सिकोत फड्या निवडुंगाला ‘नोपाल’ म्हणतात. तिथल्या राष्ट्रध्वजावरही तो आहे. कोवळे फड काटे खरवडून भाजीसारखे शिजवतात, बोंडे फळ म्हणून खातात. आपल्या बांधावरचा फड्या त्याच कुळातला, जात मात्र वेगळी. लहानपणी त्याची बोंडे मातीत घोळून, कुसे काढून आपल्यापैकी अनेकांनी खाल्ली असतील आणि ओठ लाल करून घरी गेल्यावर बोलणीही खाल्ली असतील!

शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांतून काही उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. निवडुंगात ‘क’ जीवनसत्त्व, कॅरोटिन आणि फेनॉल वर्गातील द्रव्ये असतात. बोंडाचा लाल रंगही त्यातलाच; तो बिटाच्या रंगाचा भाऊबंद.

आता वाळवण्याचे गणित पाहू. कोवळ्या फडात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो फड वाळवले की जेमतेम १०० ग्रॅम भुकटी उरते. समजा काहीच नष्ट झाले नाही, तरी १०० ग्रॅम भुकटीतला आकडा ताज्या १०० ग्रॅमच्या दहापट दिसेल. पण तो एका किलोचा ऐवज आहे! शिवाय आपण भुकटी घेतो चमचाभर, भाजी खातो वाटीभर.

आणि सगळे टिकत नाहीच. उष्णता, उजेड आणि हवा हे ‘क’ जीवनसत्त्वाचे तीन शत्रू, त्यामुळे उन्हात वाळवताना ते सर्वांत आधी जाते. बोंडाचा लाल रंगही असाच नाजूक. मागे मी हौसेने बोंडांचा गर दोन ताटल्यांत पसरून ठेवला, एक गच्चीवर उन्हात, दुसरी माजघरात पंख्याखाली. गच्चीवरचा गर विटकरी-तपकिरी झाला, माजघरातला बराचसा लाल राहिला. फेनॉल वर्गातील द्रव्ये त्या मानाने चिवट. वाळवताना पेशींच्या भिंती फुटल्या की कधी कधी त्यांचे प्रमाण वाढलेलेही दिसते. ती नव्याने तयार झालेली नसतात. आत अडकलेली असतात ती मोजणीत येतात. गोठवून निर्वात यंत्रात वाळवले तर गुण सर्वांत चांगले टिकतात, पण ती पद्धत महाग.

मास्तरांची खरी चूक वेगळीच होती. जेवणाबरोबर नोपाल खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे मेक्सिकोतील काही लहान अभ्यासांत दिसले आहे. त्याचे श्रेय मुख्यतः त्यातल्या बुळबुळीत चोथ्याला दिले जाते. पण ते जेवणातले एक साहाय्य झाले, गोळीची जागा ते घेऊ शकत नाही. गोळ्या आणि भुकटी एकत्र घेतल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरूही शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर बेतानेच, कारण फडांत ऑक्झलेट असते.

आणखी एक इशारा. मराठीत आपण अनेक काटेरी झाडांना निवडुंगच म्हणतो. त्रिधारी निवडुंग किंवा शेर मोडला की पांढरा चीक येतो. ही झाडे फड्याच्या कुळातली नव्हेत. तो चीक विषारी असतो, डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका होतो. त्यांची भुकटी घरी करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

भुकटी घेतलीच, तर थोडी घ्यावी, घट्ट झाकणाच्या डब्यात उजेडापासून दूर ठेवावी. ‘क’ जीवनसत्त्वासाठीच हवी असेल, तर मंडईतला पेरू बरा. १०० ग्रॅम ताज्या फडात ते सुमारे ९ मिलिग्रॅम असते, पेरूत २०० च्या वर.

मास्तरांनी त्याच दिवसापासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परवा आले तेव्हा साखर १४२ होती. डबा कुठे आहे, विचारले तर हसून म्हणाले, ‘‘आहे फडताळात. गोळ्यांची पाकिटं त्याच्या पुढे ठेवलीत.’’