दोन वर्षांची वाट आणि तीन अक्षरं

'हॅरी पॉटर'चा सहावा भाग १६ जुलै २००५ला आला आणि सातवा, शेवटचा, २१ जुलै २००७ला. दोन्ही दिवस शनिवार. लंडनमध्ये मध्यरात्र उलटून विक्री सुरू व्हायची तेव्हा बेंगळुरूत पहाटेचे साडेचार वाजलेले असायचे. या दोन शनिवारांच्या मधल्या काळात मी जितकं बारकाईनं वाचलं, तितकं ना त्याआधी वाचलं ना त्यानंतर. मी एकटीच नव्हते. चर्च स्ट्रीटवर 'ब्लॉसम'मधल्या जुन्या पुस्तकांच्या रांगांत, शानभागांच्या 'प्रीमियर'मधल्या ढिगांपाशी, कॉलेजच्या कँटीनमध्ये, जयनगरच्या बसमध्ये आमचा विषय एकच. पुढे काय होणार, आणि तसं होणार याचा पुरावा आधीच्या सहा पुस्तकांत कुठे आहे?

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. 'मला वाटतं' म्हणणाऱ्याला लगेच विचारलं जाई, "कुठल्या पुस्तकात? कुठल्या प्रकरणात?"

सहाव्या भागाच्या शेवटी हॅरीच्या जादूच्या शाळेचा, हॉगवॉर्ट्सचा, मुख्याध्यापक डम्बलडोर तिथल्याच शिक्षकाच्या, स्नेपच्या, हातून मरतो. ज्या लॉकेटसाठी म्हाताऱ्यानं एवढे हाल सोसले, ते नकली निघतं. आत एक चिठ्ठी, आणि खाली सही म्हणून तीन अक्षरं: आर. ए. बी. हॅरीच्या वैऱ्यानं, व्होल्डेमॉर्टनं, आत्म्याचे तुकडे करून वस्तूंमध्ये दडवलेत, त्या वस्तू म्हणजे हॉरक्रक्स, ते सगळे नष्ट झाल्याशिवाय तो मरणार नाही, हा जादूचा हिशेब त्याच पुस्तकात मांडलेला. मग खरं लॉकेट कुणी नेलं?

'बी' म्हणजे ब्लॅक, हॅरीच्या धर्मपित्याचा, सिरियसचा, भाऊ रेग्युलस, हे बहुतेकांनी पहिल्या आठवड्यातच ताडलं. तो व्होल्डेमॉर्टच्या टोळीत गेला, मग कचरला आणि मारला गेला, एवढं पाचव्या भागात आलेलं होतं. पुढे परदेशी वाचकांकडून पक्का दुवा मिळाला. डच अनुवादात ब्लॅक घराण्याचं आडनाव 'झ्वार्ट्स' केलेलं आहे आणि तिथे चिठ्ठीवरची सही 'आर. ए. झेड.' आहे. नॉर्वेजियनमध्ये शेवटचं अक्षर 'एस', फिनिशमध्ये 'एम', दोन्ही त्या त्या भाषेतल्या आडनावाप्रमाणे. त्या दिवशी आमच्या टेबलावर जो आरडाओरडा झाला, तो भारतानं क्रिकेटचा सामना जिंकल्यावरही झाला नसता.

लॉकेटचं काय, हे मात्र आमच्यातल्या एकीनं शोधलं. धारवाडची मुलगी, घरी मराठी, बाहेर कन्नड. पाचव्या भागात सगळे मिळून ब्लॅकांचं जुनं घर साफ करतात. दिवाणखान्याच्या कपाटातून कायकाय निघतं, त्या यादीत अर्ध्या ओळीत एक जड लॉकेट येऊन जातं, कुणालाच न उघडणारं. आम्ही सगळ्यांनी ती यादी वाचली होती आणि पुढे गेलो होतो. तिनं पान उघडून समोर ठेवलं. "सुम्ने कोण लिहील हे? उगाच कोण लिहील?" २००३मध्ये छापलेली अर्धी ओळ चार वर्षांनी आख्खं कथानक उचलणार होती. लेखिकेचा वाचकावर केवढा विश्वास! मला तो तेव्हा पहिल्यांदा कळला.

स्नेपवरून मैत्र्या तुटायची वेळ आली. तो खुनी की डम्बलडोरचाच माणूस? त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा सगळा भार एका प्रसंगावर होता. डम्बलडोर आणि स्नेप यांची बाचाबाची शाळेच्या रखवालदाराच्या, हॅग्रिडच्या, कानावर पडते, आणि स्नेपला कसलं तरी काम आता नको आहे एवढंच कळतं. काम कुठलं? डम्बलडोरला मारण्याचंच, असं आम्ही म्हणायचो. न्यू यॉर्कला ऑगस्ट २००६मध्ये रोलिंगबाईंच्या कार्यक्रमात सलमान रश्दी मुलाला घेऊन उभे राहिले आणि स्नेप चांगलाच आहे असा आपला तर्क त्यांनी थेट लेखिकेपुढे मांडला. मुंबईत जन्मलेला एवढा मोठा लेखक आमच्यासारखाच पुरावे जुळवत बसतो, याचा मला फार आनंद झाला होता. डम्बलडोर मात्र खरंच गेलाय, हे बाईंनी तिथे स्पष्ट सांगून टाकलं. जिवंत असण्याच्या बाजूनं दोन वह्या भरलेल्यांचं त्या आठवड्यात तोंड बघवत नव्हतं.

एक वाद फक्त आपल्या भागातच होऊ शकला असता. हॉगवॉर्ट्सच्या पार्वती आणि पद्मा पाटील कुठल्या? आम्ही मराठी मुलांनी त्यांना सरळ कोल्हापूरच्या करून टाकलं होतं. विजापूर-हुबळीकडचे मित्र खवळले. पाटील त्यांच्याकडेही गावोगावी. हा वाद मिटला नाही आणि पुस्तकानंही मिटवला नाही. सातव्या भागात लढाईच्या वेळी दोघी शाळेतच असतात, त्यावर दोन्ही बाजूंनी समाधान मानलं.

२१ डिसेंबर २००६ला शेवटच्या भागाचं नाव जाहीर झालं, 'डेथली हॅलोज', आणि आमची पंचाईत झाली. हे हॅलोज काय, कुणालाच सांगता येईना. पुस्तक हातात पडलं आणि कळलं की दुवा सहाव्या भागात होता. व्होल्डेमॉर्टचा आजोबा हातातली काळ्या खड्याची अंगठी मिरवत पेव्हरेल घराण्याचं नाव घेतो, एकदाच. हॅलोज म्हणजे तीन जादुई वस्तू, आणि तेच घराणं त्यांचं मूळ. ही ओळ आमच्यापैकी कुणीही धरली नव्हती. रेग्युलस बरोबर, लॉकेट बरोबर, स्नेप बरोबर, हॅरीच्या आतच व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा आहे हेही बरोबर. पेव्हरेल मात्र साफ निसटलं. हॅरीचा मित्र रॉन म्हणजे काळात मागे गेलेला डम्बलडोर, असा एक जगभर गाजलेला तर्क होता, तो पार कोसळला आणि त्याचं कुणाला दुःख झालं नाही.

माझी एक तक्रार अजून आहे. हॅरी आणि व्होल्डेमॉर्टच्या शेवटच्या लढतीचा निकाल छडीच्या मालकीवर लागतो: हॅरीच्या शाळेतल्या वैऱ्यानं, ड्रेकोनं, डम्बलडोरची छडी उडवली, म्हणून ती ड्रेकोची, हॅरीनं ड्रेकोच्या हातातून त्याचीच छडी हिसकावली, म्हणून डम्बलडोरची छडीही हॅरीची. जिंकणाऱ्याकडे छडीची निष्ठा जाते, हा नियम आधीच्या सहा पुस्तकांत उघडपणे कुठेच नाही. छडी स्वतःचा धनी निवडते, एवढं पहिल्या भागात ऑलिव्हँडर सांगतो, आणि धारवाडची मैत्रीण आजही तेवढ्यावर लेखिकेची बाजू लढवते. मी म्हणते, निवडणं वेगळं आणि हरल्यावर दुसऱ्याकडे जाणं वेगळं. चौथ्या भागाच्या शेवटी दोन छड्या एकमेकींशी जोडल्या जातात, तिथे हा नियम अर्ध्या ओळीत पेरता आला असता. ती म्हणते, पेरलेला असेल, तू नीट वाचलं नसशील. मी चौथा भाग परत काढला आहे.