वीरगळ : प्रांतोप्रांतीच्या स्मारकशिळा

जुन्या देवालयांच्या प्राकारात, गावाच्या वेशीवर किंवा तळ्याकाठी काही कोरीव शिळा उभ्या असलेल्या आढळतात. अनेक भाविक त्यांना ग्रामदैवत समजून शेंदूर वाहतात. वास्तविक या शिळा म्हणजे युद्धात अथवा गोधनाचे रक्षण करताना देह ठेवलेल्या वीरांची स्मारके, अर्थात वीरगळ होत. हा शब्द कन्नडमधील ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, यांपासून आला आहे.

वीरगळ खालून वर पाहावा. तळच्या चौकटीत युद्धप्रसंग व धारातीर्थी पडलेला वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास स्वर्गी नेतात. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. शिरोभागी चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. सतीशिळेवर मात्र कोपरात दुमडलेला, कंकणयुक्त हात असतो.

प्रांतागणिक या शिळांची घडण बदलते. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर शिलालेख असल्याने वीराचे नाव व प्रसंग कळतो. आतकूर येथील इ. स. ९४९-५० च्या सुमाराच्या शिळेवर तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या ‘काळी’ नावाच्या श्वानाचेही स्मरण आहे. कोकण व गोव्यात शिल्पात समुद्र येतो. मुंबईत बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर आणि गोव्यातील कदंबकालीन शिळांवर वल्ह्यांची लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. सौराष्ट्रातील ‘पाळिया’वर बहुधा एकच घोडेस्वार असतो.

महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या वीरगळांवर बहुधा एकही अक्षर नसते. शिल्पातील बारकावे आणि शिळा उभी असलेली जागा, एवढाच त्या वीराचा पुरावा. तेलाशेंदराची पुटे किंवा ऑइलपेंट चढला, की शस्त्र, वेश, वाहन दिसेनासे होते. जीर्णोद्धाराच्या वेळी शिळा पायरीत अथवा जोत्यात बसविली, की स्थानाचा संबंधही तुटतो.

म्हणून बांधकामापूर्वी अशा शिळांची छायाचित्रे घ्यावीत, त्यांच्या जागेची नोंद करावी व पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. शिळेस हळद-फूल वाहून नमस्कार अवश्य करावा. परंतु तिच्यावरील कोरीव काम उघडे राहू द्यावे. ज्याचे नावही उरले नाही, त्या वीराची तेवढीच ओळख शिल्लक आहे.