पत्राखालचा पत्ता

वर्तमानपत्र हाती आले की पुष्कळांची दृष्टी अग्रलेखाच्या आधी वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे वळते. गल्लीतील तुंबलेले गटार, वेळेवर न येणारी निपाणी-बेळगाव बस, मराठी शाळेत रिकाम्या राहिलेल्या शिक्षकांच्या जागा, सीमाप्रश्नावरील एखादे तिखट मत, असा सर्व मजकूर तेथे नांदत असतो. पत्र लिहिणारा वकील आहे की पेन्शनर, शेतकरी आहे की सराफ, याची चौकशी कोणी करीत नाही. परंतु संपादकाच्या टपालात कधी कधी असेही एक पत्र येते, की ज्याच्या शिरोभागी छापलेले नाव पाहूनच त्याचा हात थबकतो. पत्र पाठविणाऱ्याचा व्यवसाय नग्न चित्रांचा आणि चित्रफितींचा असतो, किंवा तो पिवळ्या पुस्तकांचा छापणारा असतो, किंवा तासाच्या भाड्याने खोल्या देणाऱ्या लॉजचा मालक असतो. पत्रातील भाषा मात्र निर्मळ असते. अशा पत्राचे काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या पत्राचा नेहमीचा नमुना पाहू. ‘आपला कालचा अग्रलेख अत्यंत उद्बोधक वाटला. समाजाला अशा विचारांची फार गरज आहे. असेच लिहीत जावे.’ आणि त्याखाली नाव, दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक, तेही ठसठशीत अक्षरांत! अग्रलेख कशावर होता याचा त्या तीन ओळींत मागमूसही नसतो. तो उसाच्या दरावर असो वा म्हशींच्या प्रदर्शनावर असो, हेच पत्र दोहोंस चालले असते. लेखकाला मत मांडावयाचे नसून जागा मिळवावयाची आहे, हे उघड आहे. जे वर्तमानपत्र पहाटे घरात येते, आजोबा वाचून झाले की नात वाचते, त्या पत्रात आपल्या दुकानाचे नाव यावे एवढीच त्याची मनीषा असते. तीच मजकुराची पट्टी तो पैसे मोजून जाहिरात म्हणून देऊ लागला, तर व्यवस्थापक ती घेणार नाही. म्हणून तो पुढच्या दाराने न येता पाहुण्याच्या वेषात पत्रव्यवहाराच्या दाराने येतो. तेथे प्रवेशास मोल पडत नाही.

कायद्यालाही ही युक्ती ठाऊक आहे. अश्लील वस्तू विकू नये एवढेच सांगून आमचा दंडविधान थांबलेला नाही. अशी वस्तू अमुक माणसाकडे मिळते, हे कोणत्याही रीतीने लोकांस कळविणे हाही त्याने गुन्हाच मानला आहे. भारतीय दंड संहितेचे २९२ वे कलम हेच सांगत होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २९४ वे कलमही तेच सांगते. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे निर्मळ पत्राखालचा पत्ता हाच कधी कधी पत्रातील एकमेव आक्षेपार्ह मजकूर ठरू शकतो. पौरुष वाढविण्याच्या औषधांबद्दल तर १९५४ सालीच स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्या जाहिरातीस बंदी आली. (बसस्थानकांच्या भिंतींना तो कायदा अद्याप कोणी वाचून दाखविलेला दिसत नाही, हा भाग वेगळा.)

तेव्हा अशी पत्रे केराच्या टोपलीत टाकावीत आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. पण धंदा पाहून तोंड बंद करण्याची ही रीत आपण निपाणीकरांनी जरा विचार करूनच स्वीकारली पाहिजे. आपल्या गावाचे पोट ज्या पिकावर भरले, ते पीक तंबाखूचे. तंबाखूच्या वखारींत चाळणी धरून आणि घरोघर विड्या वळून येथील बायकांनी संसार केले आणि मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या. त्या पैशाचा तंबाखूचा वास माझ्या वर्गापर्यंत आलेला आहे. तंबाखू शरीरास घातक आहे याविषयी कोणास शंका नाही. २००३ च्या कायद्याने तिच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीस मनाई केली आणि २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापला. हे सर्व योग्यच झाले. पण म्हणून तंबाखू पिकविणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे पत्र छापू नये, असे कोणत्या कायद्याने म्हटले आहे? १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडविला आणि एप्रिलमध्ये त्यांच्यावर गोळीबार होऊन माणसे मेली. ‘तुमचा माल विषारी आहे, तुमची तक्रार आम्ही ऐकत नाही’ असे त्या वेळी कोणी संपादक म्हणाला असता, तर त्याला काय म्हणावे लागले असते? जाहिरात निषिद्ध झाली म्हणून माणसाची वाचा निषिद्ध होत नाही, हे निपाणीत तरी वेगळे शिकवावे लागू नये.

यातूनच संपादकाच्या उपयोगी पडेल अशी एक सोपी कसोटी हाती लागते. पत्राखालचा पत्ता बोटाने झाकावा आणि उरलेला मजकूर वाचावा. ‘असेच लिहीत जावे’ या पत्राचे काहीच उरत नाही. ते खुशाल बाजूला ठेवावे. पण समजा, लॉजच्या मालकाने लिहिले की, रस्त्यावरील दिवे महिनाभर बंद आहेत आणि रात्री उतरणाऱ्या प्रवाशांची लूट होते, तर पत्ता झाकूनही ते पत्र उभे राहते. दिवे बंद आहेत ही गोष्ट सांगणाऱ्याच्या धंद्यामुळे खोटी होत नाही. पत्र छापावे, नाव छापावे, दुकानाची पाटी मात्र काढून टाकावी.

याहून अवघड प्रसंग निराळाच आहे. कधी एखादा माणूस आपल्या धंद्यामुळेच जे जाणतो ते लिहितो. अल्पवयीन मुलींना कोणत्या वाटेने आणतात, अश्लील चित्रफिती शाळकरी मुलांच्या हातातील मोबाइलपर्यंत कशा पोचतात, हे त्या व्यवहारात वावरलेल्याला जितके ठाऊक असते तितके माझ्यासारख्या शिक्षकाला कोठून असणार? येथे धंदा लपविला तर वाचकाची फसवणूक होते. कारण हा मनुष्य कोठे उभा राहून बोलतो आहे, त्याचा यात लाभ कोणता, हे कळल्यावाचून त्याच्या बोलण्याचे वजन ठरविता येत नाही. आणि पत्ता छापला तर त्याच्या दुकानी गिऱ्हाईक वाढते. म्हणून धंदा सांगावा आणि दुकान सांगू नये, हाच मला मार्ग दिसतो. ‘या व्यवसायातील एक गृहस्थ लिहितात’ एवढे शब्द पुरेसे आहेत. त्याने सांगितलेली गोष्ट अर्थातच दुसरीकडून पडताळून पाहावी, इतरांपेक्षा थोडी अधिकच.

मुलांमध्ये हा प्रश्न किती लवकर उगवतो याचे मला एकदा नवल वाटले. आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकासाठी २०१९ च्या महापुरावर लेख मागविले होते. वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले ते वर्ष. एका मुलाने फार चांगले लिहिले होते, पण निवड करणाऱ्या मुलांनी त्याचा कागद बाजूला ठेवला. कारण विचारता एकजण हळूच म्हणाला, ‘सर, त्याच्या वडिलांचं दारूचं दुकान आहे.’ लेखात दुकानाचे नावही आले होते. आम्ही नाव तेवढे खोडले. ‘पाणी आमच्या दुकानाच्या तिसऱ्या पायरीला लागले’ हे वाक्य तसेच ठेवले, कारण पाणी कोठवर आले हे त्या पायरीवाचून कळले नसते. लेख भिंतीवर लागला. तो मुलगा मधल्या सुटीत कितीदा तेथून गेला ते मी मोजले नाही.

आता थोडे मागे जाऊ. सभ्य घरांत ज्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाई, असा एक संपादक महाराष्ट्रात होऊन गेला. महर्षी कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यांच्यावर १९३४ साली जो खटला झाला, तो वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांबद्दल होता, हे पुष्कळांस माहीत नसते. लैंगिक जीवनाविषयीचे जे प्रश्न लोकांना घरी विचारता येत नव्हते आणि वैद्याकडेही धजत नव्हते, ते त्यांनी कर्वे यांना विचारले. कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्वे यांना दोनशे रुपये दंड झाला.

माझ्या धर्माची शिकवण संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना संमती देत नाही, आणि कर्वे यांच्या पुष्कळ मतांशी माझे जुळत नाही. त्यांचे स्वतःचे संततिनियमन केंद्र १९२१ पासून चालू होते, तेव्हा हा मनुष्य आपल्याच दुकानाची वाट दाखवितो, असे म्हणणाऱ्यास म्हणता आले असते. तेथेही पत्ता झाकण्याची कसोटी लावून पाहावी. केंद्राचे नाव झाकले तरी उत्तर उरते. भ्यालेल्या माणसाची भीती घालविणारे ज्ञान त्यात असते. त्या ज्ञानाशी वाद घालता येतो, पण त्याला चोरट्या जाहिरातीच्या पंक्तीस बसविता येत नाही.

आणि शेवटी, धंद्याचा मालक व त्या धंद्यात अडकलेला जीव यांना एका मापाने मोजू नये. मालकाला नाव छापून हवे असते. त्या स्त्रीला नाव छापले जाण्याची धास्ती असते. सीमाभागातील कित्येक मुली देवदासीच्या प्रथेतून या व्यवसायात ढकलल्या गेल्या. १९३४ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि १९८२ चा कर्नाटकाचा कायदा तेवढ्यासाठीच झाला. सांगलीच्या ‘संग्राम’ संस्थेच्या पाठबळाने १९९६ साली अशा स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, आणि तिचे काम निपाणीतही चालू झाले. जुलै २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एड्सविरोधी काम करणाऱ्यांच्या छळाविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात निपाणीचे नाव आहे. रोग टाळण्याची माहिती व साधने पोचविणाऱ्या या स्त्रियांना संरक्षणाऐवजी पोलिसांकडून अवहेलना सोसावी लागली, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. ज्यांची तक्रार चौकीत ऐकली जात नाही, त्यांना उरते ते वर्तमानपत्राचे दार. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, या स्त्रियांना पोलिसांनी सन्मानाने वागवावे, आणि धाडी वा सुटकेच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होणार नाही याची वृत्तपत्रांनी दक्षता घ्यावी.

म्हणजे दोन्ही पत्रांखालचा पत्ता संपादकाने गाळावयाचा आहे, एकाचा लाभ होऊ नये म्हणून आणि दुसरीचा घात होऊ नये म्हणून. छापताना गाळावयाचा, एवढेच. मूळ पत्र, त्यावरील खरे नाव आणि सही यांसह, कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवले पाहिजे. कारण अंकाच्या शेवटी संपादक म्हणून ज्याचे नाव छापले जाते, उद्या विचारणा झाली तर उत्तर त्यालाच द्यावे लागते.